जुनी पंप-अ‍ॅक्शन बाराबोर वापरात आणायची आहे (ग्वाल्हेर)

किल्ल्याखालचा

रेमिंग्टन ८७० विंगमास्टर ही छऱ्यांची बंदूक, बाराबोर, २८ इंची नळी, फुल चोक (नळीचं तोंड आवळलेलं). वारसाहक्कानं परवाना नावावर झाला आणि बंदूक डीलरकडच्या जमेतून सुटून घरी आली. अवस्था अशी: पंप (नळीखालची सरकती मूठ) ओढताना घरघरतो आणि मध्येच अडकतो. मॅगझीनमध्ये (नळीखालच्या काडतुसं भरायच्या नळीत) चार काडतुसं जायला हवीत, दोनच जातात. उडवलेलं काडतूस अधूनमधून चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथंच) राहतं. दस्त्याला मनगटापाशी (हातात धरायच्या अरुंद जागी) बारीक भेग आहे आणि रिसीव्हरला (यंत्र बसवलेल्या मधल्या पोलादी भागाला) टेकणारं लाकूड काळंकुट्ट तेलकट झालंय. पंपाखाली मॅगझीनच्या नळीवर तांबूस गंज. मागचं रबर उन्हाळ्यांत विरघळून कपाटाच्या तळाला चिकटलेलं होतं.

इथल्या लष्कर भागात मिस्त्री आहेत, पण आख्खी बंदूक त्यांच्या हवाली करण्याआधी घरी काय करता येतं आणि कशाला हात लावायचा नाही हे जाणकारांनी सांगावं.

कागदीघोडा

पाने-पेचकस नंतर, आधी परवाना बाहेर काढा. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला नंबर आहे तो परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न अक्षर ताडून बघा. सत्तरच्या दशकातल्या ८७० ला आकड्यांच्या पुढेही अक्षर असतं आणि मागेही. कारकून नेमकं शेवटचं अक्षर गाळतात आणि नूतनीकरणाच्या वेळी तेच नडतं. चूक असेल तर कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन आत्ताच दुरुस्त करून घ्या.

दुसरं, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. घरी साफसफाई, तेलपाणी, लाकडाचं काम ठीक. पण सुटे भाग बदलणं, नळीचं किंवा चापाचं काम परवानाधारक मिस्त्रीकडेच, आणि त्याच्या रजिस्टरला नोंद करून. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही ‘फायरआर्म’मध्येच मोडतात, तेव्हा कुणी ओळखीतून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) किंवा नळी देऊ केली तर हात जोडा.

नळी आखूड करायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो तिथंच सोडा. कलम ६ त्याच्याच साठी आहे, आणि २० इंचांखालची गुळगुळीत नळी थेट प्रतिबंधित वर्गात जाते.

बाराबोर

कागदीघोडा बरोबर बोलले. आता यंत्राकडे.

तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी बिघाड नाहीतच. दोनच काडतुसं जाणं हा बहुधा बिघाड नसून लाकडी दांडी आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला बंदुकीत एकूण तीनच काडतुसांची मुभा, म्हणून कारखान्यातून मॅगझीनच्या स्प्रिंगमध्ये दांडी घालून बंदुका येत. पुढची टोपी उघडली की दिसेल. दांडी नसेल तर मॅगझीनच्या नळीला पोचा आहे का बघा. पोचा असला तर फॉलोअर (काडतुसं मागे ढकलणारी टोपी) तिथं अडतो.

उघडण्याआधी: मॅगझीन आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. चाचणीला फक्त नकली काडतुसं, ती डीलरकडे मिळतात.

पंप अर्धा मागे घ्या. पुढची टोपी उघडून नळी सरळ पुढे ओढा, निघते. आता रिसीव्हरच्या पोटातून डावा लॅच (काडतूस अडवणारी खिटी) बोटानं आत दाबा आणि पंप पुढे सरकवा. पंप, त्याच्या दोन पट्ट्या आणि वर बसलेला बोल्ट एकत्र बाहेर येतात. बोल्ट पट्ट्यांवर नुसता ठेवलेला असतो, खाली हात धरा नाहीतर फरशीवर पडेल. मग चापाच्या पेटीच्या दोन पिना पितळी पंचानं हलकेच ठोका. जाड लोखंडी खिळ्यानं ठोकल्या की पिनांची टोकं फुगतात आणि पुढच्या वेळी भोक ओरबाडतात.

पेटी बाहेर असताना चाप दाबून घोडा सोडू नका. समोर अडवायला काहीच नसतं, घोडा पेटीच्याच कडेवर आपटतो.

परत बसवताना क्रम उलटा: पट्ट्या आत जाताना आधी उजवा लॅच दाबायचा, मग डावा. इथं नव्वद टक्के लोक अडतात आणि जोर लावतात. जोर लावायचा नाही. लॅच रिसीव्हरमध्ये धातू ठोकून बसवलेले असतात, ते ढिले झाले की खरं दुखणं सुरू होतं.

माधवगंज

वाचनखूण साठवली. लॅच ढिला झाला तर नेमकं काय होतं?

बाराबोर

८७० मध्ये एक लॅच मॅगझीनमधलं पहिलं काडतूस धरून ठेवतो. पंप मागे येताना पट्टी त्याला बाजूला करते आणि काडतूस कॅरिअरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पात्यावर) येतं. त्याच वेळी दुसरा लॅच पुढच्या काडतुसाला अडवतो. तो झिजला किंवा हलला की एकाच ओढीत दोन काडतुसं बाहेर येतात, दुसरं कॅरिअरच्या खाली घुसतं आणि बंदूक जाम. उघडतही नाही, मिटतही नाही. ऐंशीच्या दशकाच्या आधीच्या कॅरिअरला हे जास्त भोवतं. पुढे रेमिंग्टननं कॅरिअरमध्ये लवचीक जीभ कापली ती याचसाठी.

ओळखायचं कसं? पेटी बाहेर असताना लॅचचं मागचं टोक बोटानं वरखाली हलवा. स्प्रिंगसारखा आत-बाहेर दबला पाहिजे, पण वरखाली किंवा मागेपुढे हलता कामा नये. हलला तर मिस्त्रीकडे. नव्यानं ठोकून बसवायचं काम आहे, अराल्डाइट लावणारे महाभागही आहेत.

किल्ल्याखालचा

उघडली. लाकडी दांडी सापडली! लॅच दोन्ही घट्ट. नळीवर डाव्या अंगाला दोन-तीन बारीक अक्षरं आहेत, नंबराच्या शेवटी ‘व्ही’. यावरून काय कळतं?

बाराबोर

शेवटचा ‘व्ही’ म्हणजे बाराबोर, पावणेतीन इंची चेंबर, आपल्या भाषेत ७० मिमी. ‘एम’ असता तर तीन इंची मॅग्नम. नळी बदललेली असू शकते म्हणून नळीवर छापलेलं वेगळं वाचा, चेंबर नळीतच असतं.

नळीवरच्या अक्षरांतलं पहिलं महिन्याचं. ‘ब्लॅकपावडरएक्स’ ही बारा इंग्रजी अक्षरं ओळीनं बारा महिने: बी जानेवारी, एल फेब्रुवारी, असं करत एक्स डिसेंबर. दुसरं अक्षर वर्षाचं, पण ती अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून एकट्या त्यावरून साल ठरवू नका. आणि ही तारीख नळीची आहे, बंदुकीची असेलच असं नाही.

खडकीच्या (पुण्याजवळच्या दारूगोळा कारखान्याच्या) काडतुसांवर लांबी लिहिलेली असते. तुमच्या चेंबरला ६५ आणि ७० दोन्ही चालतील. उलटं चालत नाही. ६५ मिमीच्या जुन्या नळीत ७० चं काडतूस आत जातं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडायला जागा मिळत नाही, तोंड चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब चढतो. ‘आत बसलं म्हणजे चालतं’ हे बाराबोरमधलं सगळ्यात महाग अज्ञान आहे.

तोफखाना

चेंबरमध्ये अडकण्यावर. आधी एक्स्ट्रॅक्टर बघा. बोल्टच्या तोंडाशी उजवीकडची आकडी. तिच्या खाली जळकट कीट साचतं, लाकडी टूथपिकनं कोरून काढा. नंतर नकली काडतूस बोल्टच्या तोंडात आकडीत अडकवून हलवा. आकडीनं ते आपल्या जोरावर धरून ठेवलं पाहिजे. गळून पडलं तर स्प्रिंग थकलीय किंवा आकडीची धार गेलीय.

आकडी ठीक असेल तर दोष चेंबरचा. जुन्या कागदी काडतुसांचं मेण, प्लास्टिकचा थर आणि त्याखाली गंजाचे ठिपके. उडताना काडतुसाचं कवच फुगून त्या खरबरीत भिंतीला आवळून बसतं. उपाय: जुन्या बाराबोर ब्रशवर चार शून्यवाली बारीक स्टील वूल गुंडाळा, तेलात भिजवा, हातानं चेंबरपुरतं फिरवा, मिनिटभर, मग पुसून उजेडात बघा. ड्रिलला लावायचा मोह आवरा. आणि चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात घालू नका.

चमकणारी भिंत आणि त्यावर काळे ठिपके राहिले तर ते खड्डे. घासून जात नाहीत, घालवायचा प्रयत्नही करू नये, भिंत पातळ होते. खोल वाटले तर मिस्त्रीकडून जाडी मोजून घ्या आणि तोवर बंदूक उडवू नका.

नळी आतून बघताना ती खिडकीच्या चौकटीकडे रोखा आणि हळूहळू फिरवा. उजेडाच्या रेषा सरळ धावल्या पाहिजेत. कुठे काळी कडी दिसली तर नळी तिथं फुगलीय: माती, चिंधी किंवा अर्धवट उडालेल्या काडतुसाचा वॅड (छऱ्यांमागची गादी) आत अडकलेला असताना पुढची गोळी उडवल्याची खूण. तशी नळी वापरायची नाही.

किल्ल्याखालचा

काळी कडी नाही. चेंबर घासल्यावर बरंच साफ झालं, दोन-तीन ठिपके उरलेत. पंपाची घरघरही कमी झाली.

बाराबोर

घरघर बहुतेक वाळलेल्या तेलाची. लोक शिवणयंत्राचं नाहीतर खोबरेल तेल ओततात आणि दहा वर्षांनी त्याचा डिंक होतो. पट्ट्या, रिसीव्हरच्या आतल्या खाचा आणि मॅगझीनची नळी रॉकेलनं पुसा, कोरडी करा, मग हलक्या तेलाचा बोटभर हात. डब्ल्यूडी-४० नं धुवायला हरकत नाही, पण वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळ्याची) खाच मात्र कोरडीच ठेवा. तिथं तेल साचलं की थंडीत घट्ट होतं, पिन मंदावते आणि प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर) अर्धवट ठसा पडतो. शिवाय तेल प्रायमरमध्ये मुरलं तर काडतूसच वाया.

चापाची पेटी खोलू नका. स्पिरिटनं धुऊन, हवा मारून, दोन थेंब तेल. चाप हलका करून देतो म्हणून खाच घासून देणारा कुणी भेटला तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. सीअरवर (घोडा अडवून धरणाऱ्या तुकड्यावर) एक कानस फिरली की बंदूक आपटल्यावर आपोआप उडू शकते.

मॅगझीनची स्प्रिंग काढताना चष्मा घाला. तोंडाशी जी वाटी बसवलेली असते ती सुटली की स्प्रिंग थेट चेहऱ्यावर येते. मोकळी स्प्रिंग शेजारी ठेवून नळीशी मापा. निदान वीतभर लांब भरली पाहिजे. कमी असेल तर शेवटचं काडतूस आळसानं सरकतं. नवी घ्यायची, ताणून लांब केलेली आठवड्यात पूर्वपदावर येते.

माधवगंज

काका, आमच्याकडे विंचेस्टर मॉडेल १२ आहे. हे सगळं तिला लागू?

तोफखाना

तत्त्व लागू, हात नाही. मॉडेल १२ हे १९१२ पासूनचं यंत्र. कारखान्याचं नियमित उत्पादन १९६४ ला बंद झालं कारण एवढं घडीव काम परवडेना. ती मधून दोन तुकड्यांत सुटते आणि जोडाशी दातेरी कडी असते. जोड ढिला झाला की मिस्त्री ती कडी एक दात पुढे घेतो. स्वतः फिरवू नका, पुढचा अर्धा भाग किती घट्ट बसतो ते त्यावरच ठरतं.

मोठा फरक सुरक्षेचा. मॉडेल १२ मध्ये डिसकनेक्टर नाही. चाप दाबून धरलेला असताना पंप पुढे मारला की बोल्ट मिटता क्षणी गोळी उडते. १९७५ च्या आधीच्या इथाका ३७ चंही तसंच. ८७० ची सवय असलेल्या माणसानं ही हाती घेतली तर हे पहिलं सांगा. आणि सोळाबोर असेल तर चेंबर मोजल्याशिवाय ७० मिमी नाही, जुन्या सोळाबोर नळ्या ६५ च्या असायच्या.

लाकूडवेडा

दस्त्याकडे कुणी वळलंच नाही.

भेग का पडली ते आधी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी, अक्रोडाचं लाकूड आकसतं. दस्ता ज्या लांब बोल्टनं आवळलेला असतो तो ढिला पडतो, रिसीव्हर आणि लाकडात केसभर फट पडते. मग प्रत्येक धक्क्याला रिसीव्हर हातोड्यासारखा मनगटावर बसतो. म्हणून भेग सांधून बोल्ट न आवळणं म्हणजे पुन्हा भेग. मागचं रबर दोन स्क्रूंनी बसवलेलं आहे, ते काढलं की आत खोल भोकात बोल्टचं डोकं आहे, लांब चपट्या पेचकसानं निघतं.

काळं लाकूड: बंदूक नळी वर करून उभी ठेवली आणि तेल सढळ, की सगळं तेल ओघळून दस्त्यात मुरतं. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही, म्हणून ते आधी. रंगाच्या दुकानातली खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप द्या, वाळू द्या, पिवळट झाला की झटका. लेप पांढरा राहीपर्यंत पुन्हा. गच्चीत करा, जवळ शेगडी-बिडी नको.

भेगेला हेअर ड्रायरनं ऊब द्या आणि सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट तिच्यात सोडा, लाकूड थंड होताना ते आत ओढून घेतं. पाच मिनिटांत बसणारी जात नको, ती आत मुरायच्या आधीच वरच्यावर बसते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घट्ट गुंडाळा, २४ तास हलवू नका. बाहेर आलेलं थोडं मऊ असतानाच ब्लेडनं उतरवा.

विंगमास्टरवर कारखान्याचं चकचकीत जाड पॉलिश असतं. त्यावर कितीही तेल चोळा, आत जात नाही. चांगलं असेल तर ठेवा. पापुद्रे सुटत असतील तर रिमूव्हरनं काढा, पॉलिश पेपरनं नको. त्या काळच्या नक्षीतल्या चौकड्या कापलेल्या नसून दाबून उठवलेल्या आहेत, एकदा घासल्या की गेल्या. तिथं फक्त दात घासायचा ब्रश.

नंतर डबल बॉइल्ड अळशीचं तेल. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे हात निव्वळ तेलाचे, तळहातानं चोळून, अर्ध्या तासानं सगळं पुसून. जाड थर राहिला की तो चिकटच राहतो. दोन हातांमध्ये एक दिवस. कच्चं अळशीचं तेल बॅटला ठीक, इथं आठवडा आठवडा वाळत नाही.

आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आपल्या उन्हाळ्यात बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

किल्ल्याखालचा

उत्तम. गंजाचं काय? पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करून घ्यावं का?

तोफखाना

नको. तांबूस गंज तेल आणि स्टील वूलनं हलकेच निघेल. हट्टी डाग पितळी पट्टीच्या कडेनं खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. जुना सल्ला तांब्याच्या नाण्याचा, पण आजची बरीच नाणी स्टेनलेसची आहेत, ती वापरू नका.

ब्लूइंगवाला आधी बफ मारतो, त्यात अक्षरांच्या कडा आणि नंबर पुसट होतात. ओळखखुणा मिटवण्यावर कायद्यात वेगळं कलम ८ आहे, पुसट नंबराची बंदूक घेऊन ठाण्यात उभं राहायची हौस कुणाला? गरम ब्लूइंगचं कॉस्टिक पोलादाला चालतं. ८७० चा रिसीव्हर पोलादी आहे म्हणून निभावेल. मॉसबर्ग ५०० चा अ‍ॅल्युमिनियमचा, तो त्या टाकीत अक्षरशः विरघळतो. दुनाळीच्या नळ्या डाखलेल्या असतात, त्यांचे डाखही सुटतात.

कागदीघोडा

ठेवण्याबद्दल दोन शब्द, कारण ग्वाल्हेरात बंदूक वापरण्यापेक्षा ठेवून जास्त खराब होते.

चामडी खोळीत कायमची ठेवू नका. चामडं कमावतानाचे क्षार आणि पावसाळ्याची ओल दोन्ही धरून ठेवतं. सुती कापड, कपाटात सिलिका जेल, आणि तेल दिल्यावर निदान एक रात्र नळी खाली करून.

खंडेनवमीला पूजेत मांडाल. हळद-कुंकू ओलं करून धातूवर लावतात, वर अक्षता आणि फुलं, दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईस्तोवर तसंच. बोटाच्या आकाराचे गंजाचे डाग रिसीव्हरवर दिसतात ते याचेच. कुंकू दस्त्याला लावा, किंवा संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या.

निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायची वेळ येते. ठाण्यात देण्याच्या आदल्या दिवशी नळीत आणि बाहेरून जाडसर ग्रीस, मालखान्यात महिनोन् महिने कुणी पुसत नाही. पावतीवर नंबर, चोक आणि नळीची लांबी लिहून घ्या, चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा. परत आल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय काडतूस भरायचं नाही.

अवांतर: लग्नातला हर्षफायर. २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका आणि मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. वारसाची वाट बघणाऱ्यांसाठी: २०१६ च्या नियमांतल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यूनंतर बंदूक ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करून मग धावाधाव करण्यापेक्षा हे सोपं.

किल्ल्याखालचा

मिस्त्रीकडे न्यायची यादी केली: मॅगझीनची नवी स्प्रिंग, मागचं रबर, चेंबरच्या ठिपक्यांची तपासणी. काही राहिलं?

बाराबोर

एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंगही लिहा. ८० च्या दशकाच्या मध्यापासून आयात बंद आहे, अस्सल भाग मिळणं नशिबाचं. मिस्त्री हातानं घडवून देईल, पण जुना भाग परत मागून घ्या, नमुना म्हणून लागतो. रबर बसवताना दस्त्याची लांबी बदलू देऊ नका: जुनं रबर जेवढं जाड तेवढंच नवं, नाहीतर ते लाकूड कापायला बघतील.

आणि त्याच्यासमोरच नकली काडतुसांनी पंप दहा-बारा वेळा चालवून बघा, एकदा सावकाश, एकदा जोरात. सावकाश चालवल्यावरच लॅचचा दोष दिसतो, जोरात चालवल्यावर एक्स्ट्रॅक्टरचा.